पुराची पिशवी कोणाच्या नावाने भरायची?



"आपल्या खान्देशात कसला पूर येतोय, डॉक्टर? इथं प्यायला पाणी नाही!" पावसाळ्याच्या तोंडावर मी पुराचा विषय काढला की बरेच रुग्ण हेच म्हणतात. जळगावचा मे महिना डोळ्यांसमोर असेल, तर त्यांचंही चूक नाही. पण ३१ ऑगस्ट २०२१ ची चाळीसगावची पहाट आठवा. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं. कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला आणि कित्येक जनावरं वाहून गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याने पांझरेचा पूर पाहिला होता.

आपला पूर बहुतेकदा वरून येतो. गावात पाऊस थांबलेला असतो, पण वर डोंगरात किंवा धरणाच्या पाणलोटात तो चालूच असतो. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठाला आणि अक्कलपाड्यातून पाणी सोडलं की पांझरेकाठाला सावध व्हावं लागतं. हाताशी मोजके तास असतात आणि बऱ्याचदा ते रात्रीचे. तेव्हा जी तयारी आधी केली असेल तेवढीच कामाला येते.

पूर ओसरल्यावर दवाखान्यात काय दिसतं?

चाळीसगावच्या पुरानंतर माझ्याकडे एक आजी आल्या. साखर खूप वाढलेली, ग्लानी आलेली. मी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? आजी म्हणाल्या, "समदं वाही गयं, डॉक्टर." गोळ्या गेल्या आणि फाईलही गेली. मुलाला एवढंच आठवत होतं, "एक पांढरी सकाळची आणि एक छोटी रात्रीची." घरच्यांनी दागिने वाचवले होते, बँकेचं पासबुक वाचवलं होतं. आजींच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात राहिल्या होत्या.

त्यात घरच्यांचा दोष नाही. घाईत माणूस महागाची वस्तू आधी उचलतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पुराची पिशवी घराच्या नावाने भरू नका, घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या नावाने भरा. धडधाकट माणूस दोन दिवस कसेही काढतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन मात्र एक-दोन दिवस चुकलं तरी जिवावर बेतू शकतं. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर झटका येऊ शकतो. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्याही एकदम तोडणं धोक्याचं असतं.

पिशवीत काय असावं?

- रोजची औषधं, किमान आठ-दहा दिवसांची, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात. महिन्याची औषधं आणली की जुनी वापरायला काढा, नवी डब्यात ठेवा.
- औषधांची यादी: नाव, मात्रा, वेळ. शेवटच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा.
- वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजशिवाय साधारण चार आठवडे टिकतं, फक्त ते उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा. वीज गेली म्हणून फेकून देऊ नका.
- ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर, टॉर्च, चष्मा, आधार व आरोग्य कार्डाच्या प्रती.

घरात दिवस भरत आलेली गर्भवती किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, तर इशारा मिळताच त्यांना दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवा. फरशीवरून पाणी वाहायला लागलं की १०८ ची गाडीही येऊ शकत नाही.

घराकडेही बघा

आपल्याकडे जुनी धाब्याची घरं अजून बरीच आहेत. मातीची भिंत पाणी पीत राहते आणि कधी कधी पाऊस उघडल्यावर खचते. भिंत फुगली, भेग रुंदावली, माती झडू लागली, तर त्या खोलीत कुणालाही झोपवू नका. पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. पण पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. जनावरांचे दोर आधीच सोडा, म्हणजे ऐन वेळी कुणी गोठ्याकडे धावणार नाही. आणि वाहत्या पाण्यातून मोटारसायकल घालू नका. गुडघाभर पाण्यालाही माणूस ओढून नेण्याइतका जोर असतो.

पाणी ओसरल्यावर

विहिरीचं, बोअरचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. ते खळखळून उकळा किंवा क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा. चिखल काढताना बूट घाला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमांवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे. चिखलात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, अशी लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका आणि पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रतिबंधाची गोळी कोणी घ्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, गर्भवती आणि लहान मुलांना ती चालत नाही. जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. साप चावला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. माणसाला न चालवता थेट सरकारी दवाखान्यात न्या.

कुणी म्हणेल, ही सगळी सरकारची कामं आहेत. धरणातून पाणी सोडण्याचा इशारा वेळेवर देणं, नाल्यांवरची अतिक्रमणं काढणं ही कामं सरकारचीच आणि ती आपण मागितलीच पाहिजेत. पण तुमच्या आईची सकाळची गोळी कोणती, हे कलेक्टर ऑफिसला माहीत नसतं. ते तुम्हालाच माहीत असायला हवं.

आज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं काढा. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाजवळ बसा, त्यांच्या गोळ्या बघा आणि यादी लिहा. पूर नाही आला तरी ती यादी वाया जाणार नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना सोबत आणा.