आधी गंज, मग रंग

पानिपतजवळचे काला अंब मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज जिथे अब्दालीशी लढली, तिथे आज विटांचा स्तंभ आणि भोवती लोखंडी कुंपण आहे. संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून अनेक जण तिथे जातात. रेल्वेने जाणे सोपे, पण स्वतःच्या गाडीने, वाटेत मुक्काम करत, आपल्या हातचे शिजवून खात जावे, अशी हौस असणारी कुटुंबेही आहेत. पुण्याहून हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर पडते. नवी कॅरव्हॅन परवडत नाही. मग जुनी मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यायची, आत बाके आणि शेगडी बसवायची आणि गंजलेल्या पत्र्याचे काम सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी उरकायचे, असा बेत ठरतो.

बेत वाईट नाही. युरोपात फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅन लोक वर्षानुवर्षे अशाच दारात दुरुस्त करत आले आहेत. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर त्याच घाटाची. कधी शाळेची बस, कधी रुग्णवाहिका, कधी वऱ्हाडाची गाडी अशी तिने सगळी कामे केली. ट्रॅव्हलर आली १९८७ मध्ये. दोन्हींची बांधणी सरळसाधी असल्याने चिकाटीचा माणूस त्यांच्यावर बरेच काम स्वतः करू शकतो.

मात्र पत्र्याला हात लावण्याआधी कागदपत्रे पाहावीत. बहुतेक जण ती शेवटी पाहतात, आणि तिथेच सगळा खर्च पाण्यात जातो. पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ मधील आदेशांनी दिल्ली व परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना रस्ता बंद झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने आधी कारवाईला अटकाव केला, पण वर्ष संपता संपता ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. जुनी मॅटाडोर या हिशेबात कुठेच बसत नाही. ती कितीही चकचकीत केली तरी काला अंबपर्यंत नेता येणार नाही. अशा गाडीने जयपूरपर्यंत जावे, ती तिथे ठेवावी आणि पुढे दिल्लीमार्गे रेल्वेने पानिपत गाठावे. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी पुन्हा चौकशी करावी.

दुसरी अडचण घरच्या आरटीओची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. गाडीत पलंग आणि शेगडी बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे फेरफार ठरतो. तो मनाने करता येत नाही. रंग बदलला तर त्याचीही नोंद आरसी बुकात हवी. हे सगळे विचारून मगच विसार द्यावा.

आता पत्रा. गंज म्हणजे लोखंडाला हवा आणि पाणी मिळून लागलेली कीड. मीठ असले की ती झपाट्याने वाढते. म्हणून किनाऱ्यावर फिरलेली गाडी स्वस्त मिळाली तरी दोनदा विचार करावा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग आतून उचलला जातो आणि फोड दिसतात. फोड रुपयाएवढा असेल तर आतला गंज बशीएवढा निघाल्यास आश्चर्य मानू नये. समोरच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हळ, दारांचा तळ, फूटबोर्ड आणि चाकांवरच्या कमानी ही त्याची आवडती ठिकाणे.

गाडी घेताना खिशात एक लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर असावा. चुंबकाला पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो पकड सोडतो, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. खालून नुकताच फासलेला काळा डांबरी रंग दिसला, तर विकणाऱ्याने एवढी तसदी का घेतली हे आधी शोधावे. चॅसी, स्प्रिंगांचे आधार किंवा सीट-बेल्टचे खिळे जिथे बसतात तो भाग सडलेला असेल तर गाडी सोडून द्यावी. हे घरचे काम नव्हे. त्यावर वळणाच्या घाटात कुटुंबाचा जीव अवलंबून असतो.

वरवरचा गंज वायर ब्रशने किंवा ग्राइंडरवर बसवलेल्या चकतीने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासून काढता येतो. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचे गंज-निवारक द्रावण लावावे. त्याने गंजाचे रूपांतर स्थिर फॉस्फेटमध्ये होते. द्रावणाची वेळ बाटलीवर लिहिलेली असते, ती पाळावी. पत्रा पूर्ण कोरडा झाला की त्याच दिवशी प्रायमर मारावा. उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. चष्मा, हातमोजे आणि धुळीचा मास्क या कामात चैन म्हणून नसतात.

आरपार भोक पडले असेल तिथे मोहाला बळी पडू नये. भोकात जाळी कोंबून वर लांबी थापण्याची युक्ती गावोगाव चालते. लांबी ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात ढपली पडते. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढावा, तेवढाच नवा तुकडा पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून कापून बसवावा आणि वेल्डिंग डेंटरकडून करून घ्यावे. मापे घेणे, कापणे, घासणे आपण करावे. ठिणगीचे काम त्याचे. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढावी, आतले प्लायवुड, फोम आणि पडदे बाहेर काढावेत, आणि डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवावी. डेंटरने एका दमात सलग शिवण मारू नये, थोडे इथे थोडे तिथे टाके घ्यावेत. नाहीतर पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकतो.

लांबी शेवटी, आणि पातळ. ती फक्त उंचसखलपणा काढण्यासाठी. वर पुन्हा प्रायमर, मग वॉटर पेपर, मग रंग. हार्डनर घालून फवारायचा टू-के रंग घरी वापरू नये. त्यातील आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. ब्रशने किंवा रोलरने लावायचा सिंथेटिक इनॅमल घरच्या कामाला पुरेसा. चमक थोडी कमी येईल, त्याला इलाज नाही. शेगडी ठेवणार असाल तर त्याच वेळी जमिनीलगत झडप कापून घ्यावी, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असून गळला तर तळाशी साचतो. ही झडपही मंजूर करून घेतलेल्या आराखड्यात दाखवलेली असावी.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दोन रविवारांचे वाटणारे काम दोन महिने चालते. पावसाळ्यात पत्रा उघडू नये. ऑक्टोबरच्या उन्हात सुरुवात केली तर डिसेंबरात रंग सुकून कडक होतो आणि संक्रांतीची वाट धरता येते. उत्तरेत त्या दिवसांत दाट धुके असते, म्हणून पहाटेचा प्रवास टाळावा. परतल्यावर गाडी खालून धुवावी, आणि दरवर्षी मे अखेरीस दारांच्या तळाची छोटी छिद्रे तारेने मोकळी करावीत. पाणी निघून जाण्यासाठीच ती ठेवलेली असतात आणि रंगवताना तीच बुजवली जातात.