कचऱ्याचा धूर आणि आगीचा बंब

उन्हाळा लागला की आपल्या वऱ्हाडात आगीची धास्ती घराघरांत असते. गोठ्याशेजारी कुटाराचा ढीग, अंगणात पऱ्हाट्या-तुराट्या, वर चाळिशी ओलांडलेला पारा. एवढ्याला एक ठिणगी पुरते, आणि ती कोपऱ्यावरच्या जळत्या कचऱ्यातूनही उडते. सकाळी झाडायचे, ढीग करायचा आणि काडी लावायची, ही सवय जुनीच. पण आजीच्या काळी त्या ढिगात पालापाचोळा असे. आज त्यात वेफरची पाकिटे, डायपर, थर्माकोलच्या ताटल्या आणि एखादी फुगलेली मोबाईलची बॅटरी असते. तो धूर आधी पाळण्यातल्या बाळाला आणि दम्याच्या आजीला लागतो.

म्हणून मला कचरा आणि आग ही दोन वेगळी खाती वाटत नाहीत. कायदाही दोन्ही एकाच दारात आणून ठेवतो. नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या 1965 च्या अधिनियमात सार्वजनिक सफाई आणि आग विझवणे ही दोन्ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, मेहरबानी नव्हे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जिम्मेदारी आपल्यावर टाकली, तो वेगळाच उचलण्याची स्थानिक संस्थेवर. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवला. आता डेपोवरचा सरकारी ढीगच धुमसत असेल, तर पावती कोणाच्या नावे फाडायची?

हा प्रश्न थट्टेचा नाही. जानेवारी 2016 मध्ये मुंबईतले देवनार डंपिंग पेटले आणि कित्येक दिवस धुमसत राहिले. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा दबून सडला की त्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो, आणि वरून पाणी मारले तरी आतली आग राहते. गोवंडीच्या गरीब वस्तीने तो धूर गिळला. ओला कचरा डेपोवर गेलाच नसता, तर बंबांवर एवढा भार पडला नसता.

हे लहान गावालाही जमते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने कचरा घरातूनच वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात, आणि नाक दाबून जायच्या जागी लोक फिरायला येऊ लागले. वेंगुर्ल्याची वस्ती बारा-तेरा हजारांची, बार्शीटाकळीपेक्षा लहान.

आपल्याकडे हे काम निम्मे तर आमचे भंगारवाले भाऊ करतातच. पत्रा, पुठ्ठा, बाटली, तार सगळे तेच वेचतात आणि पुनर्वापराला पाठवतात. त्यांना ओळखपत्र, हातमोजे आणि माल निवडायला शेड द्यायला काय हरकत आहे? या वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे 2016 च्या नियमांनीच सांगितले होते. त्यांनीही तार जाळून तांबे काढणे सोडावे. तो धूर विषारी असतो, आणि गोदामाला आग लागली तर पूर्ण मोहल्ला धोक्यात येतो.

आता बंबाचे. अकोल्याहून बंब यायचा तर वीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि कुटार तेवढा वेळ थांबत नाही. तेव्हा नगरसेवकाला मार्चच्या आतच विचारावे: आपल्यासाठी कोणती गाडी ठरली आहे? रात्री चालक हजर असतो का? पाणी कुठे भरते? आपल्या गल्लीत ती शिरते का, की ओटे आणि उभ्या मोटरसायकलींपाशी अडते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नगरसेवकाला नव्हे, आपल्यालाच द्यायचे आहे. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. त्यातून किती घंटागाड्या आल्या आणि किती चालू आहेत, हेही त्याच अर्जात विचारता येते.

बकरी ईदचा अर्ज मात्र वेगळा आणि महिनाभर आधी द्यावा. कुर्बानीचे अवशेष पुरायला खड्डा कुठे, जादा गाडी किती वाजता, हे मोहल्ल्याच्या जबाबदार मंडळींनी लेखी मागावे आणि पोच घ्यावी.