जरीच्या धाग्यातील वीज

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून किल्लारी गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे निजलेल्यांच्या अंगावर आली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार जीव गेले. पुढचे कित्येक दिवस जवान आणि कार्यकर्ते पावसात, चिखलात, दुर्गंधीत ढिगारे उपसत होते. त्यांच्यापैकी कोण केव्हा कोसळेल, हे सांगणारे साधन कोणापाशीही नव्हते.

असे साधन आता अंगातल्या सदऱ्यातच विणता येते. चांदीचा मुलामा दिलेले किंवा पोलादाचे सूक्ष्म तंतू सुताबरोबर विणले, की कापडच विद्युत्‌वाहक होते. छातीच्या हालचालीने ते ताणले गेले, की त्याचा विद्युत्‌रोध बदलतो आणि श्वासाची गती कळते. त्वचेला टेकलेले तंतू हृदयाचे ठोके टिपतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत भारतीय वंशाचे सुंदरेसन जयरामन यांनी १९९६ मध्ये सैनिकांसाठी असा सदरा घडवायला घेतला. त्यानंतर अमेरिकेच्याच एमआयटीतील संशोधकांनी कापडावर विद्युत्‌मंडले रचली, ती धातूची पट्टी गुंडाळलेल्या रेशमी धाग्यांच्या ऑर्गंझावर. आणि हे वस्त्र भारतात पिढ्यान्‌पिढ्या विणले जात होते! रेशमावर धातू गुंडाळण्याची ही विद्या पैठण-येवल्याच्या विणकराला कोणी नव्याने शिकवावी काय?

अर्थात, सदरा भिंत थोपवीत नाही. किल्लारीत माणसे मारली ती घरांच्या रचनेने, आणि त्यावरचा उपाय भूकंपरोधक घर हाच. हे वस्त्र हवे आहे ते ढिगाऱ्यात उतरणाऱ्याला, वैशाखात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या मजुराला. तूर्त मात्र ते महाग आहे, धुण्याने त्याचे तंतू झिजतात आणि विजेरी वेगळी सांभाळावी लागते. हौशी ग्राहकांसाठी लेव्हाइस कंपनीने गूगलच्या साहाय्याने २०१७ मध्ये काढलेले जाकीट बाजारात रुजले नाही, यात नवल ते काय!

केंद्राने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. इचलकरंजीत वस्त्रविद्येचे महाविद्यालय आहे. राष्ट्रध्वजाची खादी विणणारे हात लातूर जिल्ह्यातील उदगीरला आहेत. मराठवाड्याचा कापूस मात्र गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन चढ्या भावाने परततो. बचाव पथकासाठी पन्नास धुण्यांना टिकणारा सदरा हे एकच उद्दिष्ट ठेवून या अभियानातून एक प्रकल्प लातूरला द्यावा, ही मागणी येथील लोकप्रतिनिधींनी दिल्लीत मांडायला हवी. ती अद्याप आमच्या कानी आलेली नाही.