पत्ता अमेरिकेचा, गिऱ्हाईक कुठले?

आपल्या घरांतून आता बराच माल ऑनलाइन विकला जाऊन परदेशी जातो. कुणी भगिनी पैठणी आणि भरतकामाचे कपडे विकते, कुणाचा मुलगा जुनी घड्याळे किंवा कॅमेरे विकतो. घरबसल्या हलाल रोजी मिळते ही आनंदाची गोष्ट आहे. पण अलीकडे पालकांशी बोलताना एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो. ‘ऑर्डर अमेरिकेची आहे, पैसेही जमा झालेत, पण पत्त्यात कुठल्याशा कंपनीचे नाव आणि भलताच लांब नंबर आहे. माल पाठवू का?’ या महिन्यात याच प्रश्नाचा विचार करू.

असा पत्ता बहुधा फ्रेट फॉरवर्डरचा, म्हणजे दुसऱ्याचा माल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा असतो. आपल्या कोकणातल्या घरांना ही कल्पना परकी नाही. आखातातला कार्गोवाला आपल्या माणसांची खोकी तिथे गोळा करतो आणि रत्नागिरी-रायगडच्या गावात दारापर्यंत पोचवतो. फॉरवर्डरचे कामही तसेच. तो गिऱ्हाइकाला आपल्या अमेरिकेतल्या गोदामाचा पत्ता आणि एक खाते क्रमांक देतो. तिथे आलेली पार्सले एकत्र करून तो गिऱ्हाइकाच्या देशात रवाना करतो. डेलावेअर आणि ओरेगन या राज्यांत विक्रीकर नाही, म्हणून तिथे अशी गोदामे बरीच. दक्षिण अमेरिकेकडे जाणारा माल मायामीहून जातो.

म्हणून असा पत्ता दिसला की समोरचा चोरच, असे समजू नये. अनेक विक्रेते मोजक्याच देशांत माल पाठवतात. बाकीच्या देशांतली प्रामाणिक माणसे असा पत्ता घेऊन खरेदी करतात, आणि ते बेकायदा नाही. प्रश्न आहे तो जोखमीचा. आपल्या पार्सलचा माग त्या गोदामाच्या दारापर्यंतच राहतो. तक्रार मात्र तिथून पुढे, तिसऱ्याच देशातून येऊ शकते, आणि तिचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, येवल्याच्या एका भगिनीने ८०,००० रुपयांची हातमागाची पैठणी डेलावेअरच्या पत्त्यावर पाठवली. ती पोचली, गोदामातल्या माणसाने सही केली. तिथे खोके उघडले गेले, पैठणी दुसऱ्या सामानासोबत नव्या खोक्यात भरली गेली आणि पुढे निघाली. महिन्याने निरोप आला, ‘पदरावर डाग आहे’ किंवा ‘ही तर यंत्रमागाची आहे’. डाग कुठे पडला? येवल्यात, गोदामात की गिऱ्हाइकाच्या घरी? पैठणी बदलली गेली का? आपल्या कुरिअरचा विमा तर सहीबरोबरच संपला. माल परत मागवायचा तर तिसऱ्या देशातून येण्याचा खर्च आहेच. शिवाय हा आपणच निर्यात केलेला माल आहे, हे कागदांनी सिद्ध झाले नाही तर आपल्याच वस्तूवर आयातशुल्काचा प्रश्न उभा राहतो.

इथे नियम काय म्हणतात ते नीट समजून घ्यावे. ईबेवर खरेदीदाराला जी पैसे-परतीची हमी मिळते, ती माल मूळ पत्त्यावर पोचून पुढे दुसरीकडे पाठवला गेला असेल तर लागू होत नाही. हा विक्रेत्याला आधार आहे. पण खरेदीदार आपल्या कार्डाच्या बँकेकडे जाऊन पैसे परत मागू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात. बँक आपल्या नियमांनी निकाल देते, आणि या तक्रारीला साधारणपणे १२० दिवसांपर्यंत मुदत असते. पेपालवर वाद उघडायला १८० दिवस मिळतात.

पेपालचे विक्रेत्यासाठीचे संरक्षण ‘माल मिळालाच नाही’ आणि ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या दोन तक्रारींपुरते आहे. त्यासाठी माल व्यवहाराच्या पानावर दिलेल्या पत्त्यावरच गेलेला हवा आणि पोचल्याचा पुरावा हवा. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेला सही घेऊनच दिलेला हवा. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीला हे संरक्षण नाही. आणि गोदामात खोके उघडले जाते तेव्हा नेमकी हीच तक्रार निघण्याचा संभव वाढतो.

आता फसवणुकीचा भाग. चोरलेल्या कार्डाने खरेदी करणाऱ्याला माल लवकरात लवकर देशाबाहेर न्यायचा असतो, म्हणून त्यालाही फॉरवर्डर सोयीचा वाटतो. खरा कार्डधारक हिशेब पाहून बँकेकडे जातो तोवर वस्तू दोन सीमा ओलांडून गेलेली असते. आपण स्वतःच्या वेबसाइटवर कार्डाने पैसे घेत असू, तर अशा वेळी नुकसान बहुतेक आपल्यावरच येते.

दुसरा प्रकार जुना आहे, पण अजून चालतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘माझा कार्गो एजंट माल घ्यायला येईल. मी जास्त पैसे पाठवले आहेत, त्यातून त्याचे भाडे तुम्ही द्या.’ तो एजंट त्याचाच माणूस असतो. आलेली रक्कम पुढे रद्द होते किंवा पैसे आल्याचा ईमेलच खोटा निघतो, आणि आपण खिशातून दिलेले भाडे मात्र खरे असते. असा निरोप आला की व्यवहार तिथेच थांबवावा.

मग करायचे काय? ऑर्डर आली की घाई न करता पत्ता नकाशावर पाहावा. गोदाम दिसले, किंवा नावापुढे अक्षरे-आकड्यांचा लांब क्रमांक असला, तर गिऱ्हाइकाला सरळ विचारावे, ‘हा माल पुढे कुठे जाणार आहे?’ हे बोलणे त्या बाजारपेठेच्या संदेशांतूनच व्हावे, व्हॉट्सअॅपवर नको. खाते नवे, एकाच वेळी महागाच्या तीन-चार वस्तू, भाडे कितीही चालेल आणि उत्तरात टाळाटाळ, ही लक्षणे एकत्र दिसली तर ऑर्डर रद्द करून पैसे परत करावेत. पत्त्याच्या अडचणीमुळे ऑर्डर रद्द करण्याची सोय ईबेवर आहे. ‘पैसे दिलेत, आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ ही विनंती कधीच मानू नये. तिथे वर सांगितलेले संरक्षण संपते.

पाठवायचे ठरले तर पुरावा आपल्या घरातच तयार करावा. वस्तूचा आणि बांधणीचा व्हिडिओ करावा, पार्सलचे वजन आणि लेबल त्यात दिसावे. कॅमेरा, घड्याळ असेल तर त्याचा क्रमांक टिपावा. पैठणी असेल तर पदराची उलट बाजूही टिपावी. हातमागावर ती सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावर सुटे धागे दिसतात. सिल्क मार्कचे लेबल असेल तर त्याच्या क्रमांकाचा फोटो घ्यावा. बिल, निर्यातीचे कागद, सहीची पावती आणि सगळे संदेश निदान सहा महिने जपावेत. व्यवहार लिहून ठेवावा, साक्ष ठेवावी, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही.

कुणी कस्टम वाचवण्यासाठी किंमत कमी लिहा किंवा ‘भेटवस्तू’ लिहा म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. ते खोटे तर आहेच, शिवाय माल हरवला तर विमा लिहिलेल्या किमतीएवढाच मिळणार.

शेवटी एक मर्यादा घरात बसून ठरवावी. जी रक्कम बुडाली तर महिन्याचा घरखर्च हलेल, तेवढ्या किमतीची वस्तू फॉरवर्डरच्या पत्त्यावर पाठवायची नाही. ही अट आपल्या विक्रीच्या पानावर आधीच लिहावी, म्हणजे प्रामाणिक गिऱ्हाइकाचाही वेळ वाया जात नाही. घरात मुले फोनवर ऑर्डर घेत असतील तर हा लेख त्यांना वाचून दाखवावा, आणि मोठी ऑर्डर दोघांनी पाहिल्याशिवाय बांधायची नाही, असा नियम करावा.