कोश ही चैन नव्हे, हत्यार आहे!



शेठजी म्हणतात, कामगाराला पुस्तक कशाला? आम्ही म्हणतो, भाकरही हवी आणि पुस्तकही हवं! नोटिशीतला एक शब्द कळत नाही, म्हणून कामगार खाली अंगठा उठवतो आणि जन्माचा फसतो. त्या शब्दाचा अर्थ सांगणारं पुस्तक ही चैन कशी?

हे हत्यार मराठीत घडवलं कुणी? सरकारने? छट्! डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकून आले. मागे संस्थानिक नाही, सरकार नाही. १९१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली. भाग विकले, वर्गणीदार जमवले, पुढे पुण्यास बिऱ्हाड हलवलं आणि १९२९ पर्यंत २३ खंड छापून काढले. राज्य इंग्रजाचं, मराठी राज्य नकाशावरही नव्हतं! मागोमाग दाते आणि कर्वे या जोडीने १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे ७ खंड काढले.

कुणी म्हणेल, हे सारं शिकलेल्यांसाठी होतं. खरं आहे. २३ खंड दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायचे कुठे? एकट्या साचेवाल्याच्या खिशाला ते झेपणारही नाहीत. पण केतकरांनी तरी एकट्याच्या खिशातून कुठे केलं? अनेकांच्या पैशावर केलं. ही रीत आपल्याला नवी आहे का? भिशी आपण चालवतो, गणपतीची वर्गणी आपण काढतो, १९८२ च्या संपात अर्धी भाकर आपण वाटून खाल्ली.

हुतात्म्यांच्या रक्तावर १९६० साली राज्य मिळालं. सरकारने विश्वकोश हाती घेतला. त्याचा विसावा खंड यायला २०१५ साल उजाडलं. आज तो मोबाइलवर फुकट वाचता येतो, ही आनंदाची गोष्ट. पण म्हणून लहान प्रकाशकाचं काम संपलं, हे आम्हाला मान्य नाही. पगार, फंड, कायदा, दुखणंखुपणं यांवरचं खिशात मावणारं सोपं पुस्तक तोच काढील. सरकारी खंडाची वाट पाहत पिढ्या जातात. लहान प्रकाशक गिऱ्हाइकाच्या जिवावर जगतो, म्हणून गिऱ्हाइकाची अडचण त्याला आधी कळते. आपण गिऱ्हाईक झालो नाही, तर तो आपल्यासाठी छापील का?

तेव्हा चाळीचाळीत, युनियनच्या कचेरीत एक फळी ठोका. वर्गणी काढा, कोश आणा. पुढची नोटीस आली की आधी फळीकडे जा, मग सही करा!