नाले रुंद करून काय साधणार?

जयपूरच्या जगतपुऱ्यात एक जोरदार सर आली की रस्त्यांचे ओढे होतात. दुसऱ्या दिवशी मागणी येते ती ठरलेली: नाले रुंद करा. ही मागणी अपुरी आहे, आणि ती तत्परतेने मान्य करणारे आम्ही प्रशासक अधिक दोषी आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब पाहा. जयपुरात वर्षाला सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे १ लाख २० हजार लिटर पाणी होते. हे पाणी आपण सार्वजनिक खर्चाने वाहून घालवतो. दुसरीकडे शंभराहून अधिक किलोमीटरवरील बीसलपूर धरणातून सार्वजनिक खर्चानेच पाणी आणतो. दरम्यान भूजल खालावत जाते. वाळूमिश्रित जमीन पाणी मुरवायला सिद्ध आहे. तिच्यावर काँक्रीट आपणच ओततो.

अंगणाला कडेपर्यंत फरशी घालणारा मालक आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात ढकलतो, पण त्याची किंमत मोजत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. मोठ्या भूखंडांवर पाऊसपाणी संकलनाची सक्ती आहे. परंतु परवानगीपुरता खणलेला खड्डा पुढे गाळाने भरला, तरी तो तपासतो कोण? जर्मनीतील अनेक शहरे फरसबंद क्षेत्रफळानुसार पाऊसपाण्याचे शुल्क घेतात आणि पाणी मुरवणाऱ्याला सवलत देतात. आपणही तेच करावे. मात्र रस्त्यावरचे तेलकट पाणी गाळल्याविना जमिनीत सोडू नये. आरंभ गच्च्यांपासून व्हावा.

आक्षेप येईल की ढगफुटीपुढे शोषखड्डे काय करणार? मान्य. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मुंबईच्या जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरची होती. अशा दिवशी उपयोगी पडते ती मोकळी जमीन आणि नदीचे मोकळे पात्र. आपण मिठीचे पात्र आवळले. जयपुरात द्रव्यवती नदीला लोक कित्येक वर्षे अमानीशाह नालाच म्हणत आले. नदीचा नाला झाला की तिच्या पात्रात घरे बांधताना कोणालाच संकोच वाटत नाही.

म्हणून नव्या वसाहतीच्या नकाशावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: इथले पाणी इथेच कुठे मुरणार? उत्तर नसेल, तर सही करू नये.