टीबीचा शिक्का मारण्याआधी...

बाईचा खोकला पंधरा दिवसांच्या वर गेला, की घरात कुजबुज सुरू होते. एक्स-रेवर डाग दिसला की निकालच लागला, टीबी! मग तिचं ताट-वाटी वेगळं, लेकराला जवळ घ्यायचं नाही. लग्नाची मुलगी असेल तर बोलणीच थांबतात. आमच्या फैजपूर-यावल भागात बायकांशी बोलताना हे नेहमी कानावर येतं.

पण मैत्रिणींनो, छातीतली प्रत्येक गाठ टीबीची नसते. सारकॉयडोसिस नावाचा एक आजार आहे. त्यातही खोकला, धाप, बारीक ताप असतो, वजन घटतं, छातीत गाठी येतात. एक्स-रेवर दोन्ही आजार सख्ख्या बहिणींसारखे दिसू शकतात. फरक मात्र मोठा आहे. टीबी जंतूमुळे होतो आणि फुप्फुसाचा असेल तर हवेतून पसरतो. सारकॉयडोसिस कुणाकडून कुणाला लागत नाही. त्यात आपली प्रतिकारशक्तीच बिथरते. ती का बिथरते, हे अजून नेमकं कळलेलं नाही. उपचारही वेगळे. टीबीला साधारण सहा महिने जंतू मारणारी औषधं, तर सारकॉयडोसिसला गरज पडली तर स्टिरॉइड. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं, तर तो भडकू शकतो. म्हणजे चूक दोन्हीकडून महागात पडते.

"मग रक्त तपासून कळत नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. थोडंफार कळतं. 'इग्रा' या तपासणीत रक्तातल्या पेशींना टीबीच्या जंतूची प्रथिनं दाखवतात. पेशींची जंतूशी आधीची ओळख असेल, तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. पण ओळख असणं म्हणजे आजार असणं नव्हे. आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात हा जंतू झोपलेला असतो. 'एसीई' नावाची दुसरी तपासणी सारकॉयडोसिसमध्ये वाढलेली दिसते, पण ती इतर आजारांतही वाढते. बर्लिनच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं, की या दोन आजारांत रक्तातल्या जनुकांच्या खुणासुद्धा बऱ्याच सारख्या असतात. रक्तावरून दोन्ही ओळखण्याचं संशोधन चालू आहे, पण आज एकट्या रक्ताच्या रिपोर्टवर निकाल देता येत नाही. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासण्यांवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली, कारण त्या दिशाभूल करत होत्या.

खरा पुरावा थुंकीत किंवा गाठीच्या तुकड्यात असतो. थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तरीही उलगडा झाला नाही, तर दुर्बिणीतून तुकडा काढून तपासतात.

माझं म्हणणं एवढंच. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "टीबीचा पुरावा कशात मिळाला?" काही वेळा पुरावा न मिळताही डॉक्टर विचार करूनच औषध सुरू करतात. तेव्हा ते मनाने बंद करू नका. दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर गप्प बसू नका, पुन्हा तपासणी करायला सांगा. घरातल्या पुरुषांच्या दुखण्याला आपण जळगाव-नाशिक गाठतो. मग बाईच्या वेळी एका एक्स-रेवर का थांबतो?

आणि समजा, टीबीच निघाला, तरी तो बरा होतो. ताट वेगळं केल्याने मात्र कुणीच बरं होत नाही.